रिसोड ते वाशीम, जाऊन-येऊन

मागच्या सोमवारी आमच्या लॉरीचा टॅक्स भरून आलो. आयुष्यातला पहिला मोटार-टॅक्स. भरायला दहा मिनिटं लागली असतील... पण त्या दहा मिनिटांत जे झालं ते सांगावंसं वाटतं.

लॉरी माझी आणि गणपतची, भागीदारीत. माझं रिसोडला धान्याचं दुकान, गणपत रिठदच्या शेतकऱ्याचा मुलगा. लढाईत तो फौजेत ड्रायव्हर होता, पार ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला. लढाई संपली, फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि आम्ही दोघांनी हिंमत करून एक घेतली. रंग अजून खाकीच आहे.

वाशीमच्या जिनिंगपर्यंत कापूस पोचवायचं काम मिळालं होतं. पण नाक्यावर तपासणीवाल्यानं अडवलं. माल भरून आलात आणि काचेवर टॅक्सचं टोकन दिसलं नाही तर गाडी इथंच उभी राहील, म्हणाला. हंगाम तोंडावर... गाडी उभी राहिली असती तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं आणि आम्ही दोघेही बसलो असतो.

दुसरी अडचण घरची होती. गणपतचे वडील, किसनकाका, लॉरी आल्यापासून त्याच्याशी बोलत नव्हते. एका घरात राहून, एका पंगतीला बसून अबोला. मला वाटायचं, शेती सोडून मोटारीच्या मागे लागला म्हणून राग असेल. गणपतलाही तसंच वाटायचं.

तर सोमवारी सकाळी गणपत लॉरी घेऊन मला न्यायला रिसोडला आला आणि आम्ही टॅक्स भरायला निघालो. रिठदच्या फाट्यावर बघतो तर किसनकाका उभे! धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात रिकामी थैली.

"मले वाशीमले काम हाय," एवढंच म्हणाले आणि चढले. मी मध्ये, एका बाजूला बाप, एका बाजूला मुलगा...

पुढचा सगळा रस्ता मीच टपालवाला. "नेमा, तुह्या डायवरले सांग, समोर खड्डा हाय." मी गणपतकडे बघायचो. तो म्हणायचा, "नेमाभाऊ, सांगा त्याईले, दिसला मले." हसावं की गप्प बसावं कळेना.

वाशीमला पोचलो. म्हटलं काका आपल्या कामाला जातील, तर ते आमच्या मागे थेट कचेरीत. बाकावर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. खिडकीपाशी गणपतच्या पाठीमागे उभे राहिले.

कारकून मध्यमवयाचा, चष्मेवाला, शांत माणूस. त्यानं गाडीचे कागद पाहिले, पैसे घेतले, पावती फाडली. टोकन पुढे सरकवणार, तेवढ्यात काकांनी विचारलं, "सायेब, हे घेतल्यावर मोटर कुठलोक जाऊ शकते?"

"टॅक्स भरला ना... आता मध्यप्रांत-वऱ्हाडात कुठंही. अकोला, नागपूर, जबलपूर..."

काकांचा चेहरा एकदम उतरला. खिडकीचा गज धरून ते पुढे वाकले. "आमाले नाई पायजे जबलपूर. निस्ता रिसोड ते वाशीम देत नाई का तुमी? जाऊन-येऊन?"

मागे रांगेत दोघं-तिघं होते, ते खदखदून हसले. मलाही हसू आलंच होतं... पण गणपतकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. तो वडिलांकडे बघत होता.

लढाईत कित्येक महिने गणपतचा ठावठिकाणा नव्हता. तेव्हा त्याची आई रडून मोकळी व्हायची. काका मात्र रोज शेतात जात होते, कोणाशी एक शब्द बोलत नव्हते. गावाला वाटलं, म्हातारा घट्ट आहे. तो परत आला, आणि वर्ष व्हायच्या आत दारात पुन्हा तीच खाकी गाडी उभी... राग शेतीचा नव्हताच.

कारकून हसला नाही. चष्मा काढून अगदी गंभीरपणे म्हणाला, "तसा मिळत नाही, काका. पण जबलपूरपर्यंत परवानगी आहे म्हणून जबलपूरला जायलाच पाहिजे, असाही काही कायदा नाही."

काका गज सोडेनात. मग गणपतनंच तोंड उघडलं. "बा, मी कुठं चाल्लो? कापूस टाकला का वापस. दिवस बुडाल्यावर जेवाले घरीच येईन."

"येशीन?"

"येईन नं, बा."

"मंग घे ते कागद," काका म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. दोन-तीनदा पुसलं.

बाहेर येऊन गणपतनं टोकन काचेला चिकटवलं. मी काकांना विचारलं, "तुमचं वाशीमचं काम राहिलं ना?" ते म्हणाले, "झालं." रिकामी थैली नीट घडी घालून त्यांनी कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवसापासून कापूस भरायला लागलो. गाडी वेळेवर धावतेय, काम टिकलं.

मी व्यापारी माणूस... कोणी रागावलं की मला आधी त्यात नफा-तोटाच दिसतो. गणपतच्या घरी कितीदा जेवलो, पण काकांच्या अबोल्यात एवढी भीती असेल असं कधी मनात आलं नाही. त्या कारकुनाचं नाव विचारायचं राहून गेलं. त्याच्या जागी मी असतो तर बहुतेक हसलो असतो. तो हसला नाही, याबद्दल त्याचे मनापासून आभार.