पाहुणा आणि घरजावई

कुणाचाही हात हातात घेण्याआधी मामा खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकायचे. म्हशाच्या जत्रेत बैलांच्या बाजूला गेला असाल, तर असे दलाल तुम्हीही पाहिले असतील. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्याला काही कळत नाही. मामांना ती सवयच लागली होती. चहा सांगतानाही टॉवेलाखाली दोन बोटं दाबायचे.

आम्ही मुरबाडला शेजारी. मला लहानपणापासून दमा आणि मामांना कायमचा खोकला, म्हणून आळीने दोघांना एकाच आजारात बसवलं होतं. मामांनाही ते मान्य होतं. सकाळी बिडी ओढायची, खोकून खोकून बेडका काढायचा, डोळे पुसायचे आणि मला म्हणायचं, "आपुन एका दावणीचे रे भाच्या."

त्या वर्षी जत्रेत मी घोंगडी पाहत होतो. आवडली म्हणून दोन्ही हातांनी झटकली, आणि झालं! धूळ नाकात गेली, छाती आवळली, श्वासाला शिट्टी लागली. दम्याचा पंप मोटरसायकलच्या डिकीत, मोटरसायकल मैदानाच्या पार टोकाला. मामांनी माझ्या हातातली चावी ओढली आणि ते धावले. साठी उलटलेला माणूस, पाळण्यांखालून, दावणींमधून! 'सरका' म्हणण्याइतका श्वास नव्हता, म्हणून टॉवेल गरागरा फिरवत होते. लोकांना वाटलं बैल सुटला. रस्ता आपोआप मोकळा झाला.

पंप घेतला आणि थोड्या वेळात माझी शिट्टी विरली. पाहतो तर मामा जमिनीवर, ओठ काळसर, ओला खोकला थांबेना. यांनाही दमाच, यांनाही पंप द्या, असं गर्दी म्हणाली. दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. फरक नाही. कळलं ते आधी मामांनाच.

"तुजा पाव्हणा हाय रे. आला, धिंगाणा घातला, गेला. माजा घरजावय. उठतच नाय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं, औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. माझा आकडा टुणकन वर गेला, मामांचा जेमतेम हलला. दमा उसळतो आणि ओसरतो, मधल्या काळात माणूस मोकळा असतो, असं बाईंनी समजावलं. मामांचा बेडक्याचा खोकला मात्र वर्षानुवर्षांचा, श्वासनळ्यांच्या जुन्या सुजेचा. बिडी सुटली तरच औषध काही करील.

माझ्यासाठी धावून ते पडले, हे मला खात राहिलं. म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर जायचो आणि टॉवेलाखाली उद्याच्या बिड्यांचा सौदा करायचो. मी एक बोट दाबायचो, ते अख्खा पंजा. मामी आतून विचारायच्या, "कंचा बैल इकताय रे घरात बसून?" आम्ही दोघंही गंभीर. पंजाचे हळूहळू दोन झाले. मिटलेली मूठ म्हणजे एकही नाही. त्या भावाला मामा काही येत नव्हते.

गेल्या थंडीत धाप इतकी वाढली की त्यांचं बोलणंच बंद झालं. मी शेजारी बसलो तेव्हा त्यांनीच टॉवेल आमच्या हातांवर ओढला. मी सवयीने एक बोट पुढे केलं. त्यांनी ते धरलं, हळूच मिटवलं आणि माझी मूठ बराच वेळ दाबून ठेवली.

यंदा मी जत्रेत घोंगडी घेतली. झटकली नाही.