आबांच्या निधनाची सविस्तर बातमी

आमच्या वडिलांच्या निधनाची बातमी मी पहिल्यांदा लिहिली, तेव्हा ते माझ्या शेजारीच मांडी घालून तंबाखू मळत होते आणि शाई सांडू नकोस म्हणून मला बजावत होते.

म्हातारीचं डोकं फिरलं, असं कुणाला वाटेल. डोकं शाबूत आहे, आणि तेव्हाही होतं. किंबहुना त्या दिवशी घरात डोकं चालवायला शिकलेली मी एकटीच होते, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

लढाईचे दिवस होते. आमच्या लोणंदच्या शाळेत साताऱ्याहून देसाई नावाचे नवे मास्तर आले. आधी ते कुठल्याशा साप्ताहिकात मुद्रितं तपासत. (ते बंद पडलं म्हणून आम्हाला मास्तर मिळाले.) आल्या आल्या त्यांनी शाळेच्या भिंतीला काळा फळा ठोकला, वर ‘वार्ताफलक’ असं लिहिलं आणि सातवीतल्या आम्हा पाच जणांना बातमीदार नेमलं. पाचांत मुलगी मी एकटी. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ कात्रीसारखी, एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली.

“बातमी लिहिण्याआधी काय विचारायचं?” मास्तर रोज म्हणायचे.

“कोण, काय, कुठे, कधी, कसे,” आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो.

“ही पाच उत्तरं मिळाल्याशिवाय खडूला हात लावायचा नाही. बातमीदारी ही जबाबदारी आहे. आणि नीट शिकलात तर उद्या पोटापाण्याचा धंदाही आहे. मोठ्या वर्तमानपत्रात बातमीदार असतात, उपसंपादक असतात, संपादक असतात.”

“सगळ्यांच्या वर कोण असतं, मास्तर?” मी विचारलं.

“मालक,” मास्तर म्हणाले, आणि फळा पुसायला लागले.

“आणि आपलं काही चुकलं तर?”

“तर दुरुस्ती छापायची.” मास्तरांनी एक जुना अंक उघडला. आतल्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत दुरुस्ती होती. “ही बघा, अशी छापतात,” मास्तर म्हणाले. हे वाईट आहे, असं त्यांना पुढं सांगायचं असणार. पण तेवढ्यात घंटा झाली, आणि मी तेवढी पद्धत उचलून घरी आले.

घरी त्या वेळी अक्काच्या लग्नाची गडबड. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धाकट्या आत्याला सांगलीकडं भिलवडीजवळच्या एका गावात दिली होती, तिनंच आपल्या गावातलं स्थळ काढलं होतं. मुलगा पलटणीत, बाप पेन्शनीत आलेला सुभेदार. मुलाला रजा मोजकी मिळालेली. रविवारी सुभेदार मंडळी लोणंदला येणार, सुपारी फुटणार, आणि रजा संपायच्या आत लग्न उरकणार. आता राहिलं तर पोरगा परत लढाईवर. मग कधी येईल आणि येईल का, हे विचारायची सोय नव्हती. अक्काला तो आवडला होता. (ती तसं बोलली नव्हती. पण त्या आठवड्यात तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं.)

आणि गुरुवारी सकाळी आबा ओसरीवर दाढी करत बसले असताना एक कावळा सरळ त्यांच्या उघड्या डोक्यावर येऊन बसला. बसला, इकडंतिकडं बघितलं, टोच मारली आणि गेला.

आबांची थोरली बहीण, म्हणजे आमची थोरली आत्या, आमच्याकडंच असे. घरचे सगळे शकुन-अपशकुन तिच्या ताब्यात. तिनं हातातलं सूप खाली टाकलं.

“कावळा शिवला. आता तोडगा केल्याबिगर गत न्हाई.”

तोडगा असा. कावळा डोक्याला शिवणं म्हणजे मरणाचं बोलावणं. म्हणून त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकांना कळवायची. ते खरं समजून रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड पाठवायचं, की कावळा शिवला होता, माणूस सुखरूप आहे.

“कुणाला धाडायचं?” आबांनी विचारलं. “कराडच्या मावशीला?”

“ती कोरड्या डोळ्याची. सोताचा नवरा गेला तवा बी तिनं आधी म्हस पिळली,” आत्या म्हणाली. “धाकटीला धाड. ती लय मोकळी रडती.”

“आवं, पर ऐतवारी सुपारी हाय,” आई चुलीपुढून म्हणाली. “आन जित्तेपणी मला रांडाव करताय, मला कुनी इचारलं बी न्हाई.”

“उद्या दुसरं कार्ड जातंय की. ऐतवारी समदी हसत येतील,” आत्या म्हणाली. “हौशे, दौत आण.”

मी हौसा. मी दौत आणली, पण मान ताठ करून सांगितलं, “मी खोटं लिहिणार नाही. मी बातमीदार आहे.”

“खोटं न्हाई बाय, तोडगा हाय,” आबा म्हणाले. “बापाच्या जिवापरीस तुजा फळा मोठा हाय व्हय?”

मग मी लिहायला बसले. आणि लिहायचं तर नीट लिहायचं, हे मास्तरांनी अंगात भिनवलेलं! खरं तर कावळ्याचं कार्ड दोन शब्दांचं असतं: ‘आबा गेले.’ ना वेळ, ना आजार, ना ठिकाण. जाणती माणसं त्यावरूनच ओळखतात, तोडग्यापुरतं रडून घेतात आणि दुसऱ्या कार्डाची वाट बघत जेवायला बसतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लिहिलं:

‘आमचे तीर्थरूप आबा हे आज गुरुवारी सकाळी सात वाजता लोणंद मुक्कामी राहत्या घराच्या ओसरीवर दाढी करीत असता अकस्मात वारले. अर्धी दाढी व्हावयाची राहिली. त्या समयी घरात चार माणसे व कांद्याचे एक गिऱ्हाईक हजर होते. “पाणी गार आहे” हे त्यांचे शेवटचे शब्द. वरील हकिकत प्रत्यक्ष पाहून लिहिली आहे.’

वाचून दाखवलं. आबांनी डोळे पुसले. “झ्याक लिवलंय,” ते म्हणाले. “अर्ध्या दाढीचं लय वाईट वाटलं.”

शुक्रवारी दुसरं कार्ड लिहायचं होतं. म्हणजे दुरुस्ती! ती कुठं आणि केवढ्या अक्षरांत छापतात, हे मला पाठच होतं. मी वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं की इकडे कांद्याला बरा उठाव आहे. खाली म्हैस व्याल्याचं लिहिलं, पाऊसपाणी लिहिलं, लोणच्याची चौकशी केली. आणि अगदी तळाला, जिथं कार्ड संपतं तिथं, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘कालच्या कार्डात आबा वारल्याचे आले आहे. ते कावळ्यामुळे. आबा हयात आहेत.’

धाकट्या आत्याच्या गावाला टपालवाला आठवड्यातून दोनदाच जायचा. त्यामुळे दोन्ही कार्डं शनिवारी एकदमच तिच्या दारात पडली. पहिलं वाचलं आणि वाड्यावस्त्यांपर्यंत हंबरडा ऐकू गेला. आत्याच्या यजमानांनी दुसरं कार्ड हातात घेतलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि फेकून दिलं. “बाप मरून दीस उलटला न्हाई आन पोरगी कांद्याचं लिवतीया. काय काळीज का दगुड!” शेवटपर्यंत कुणी वाचलं नाही. (दुरुस्ती कुणीच वाचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वर्तमानपत्रवाल्यांना आधीपासून ठाऊक असावं.)

रविवारी आमच्या दाराला तोरण, अंगणात रांगोळी, घरात शिऱ्याचा वास. आई नाकात नथ घालून उभी. देसाई मास्तरांनाही आबांनी बोलावलेलं, चार शिकलेली वाक्यं बोलायला. आबा नवा फेटा बांधून पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन दारात.

गाडी आली. स्टेशनाच्या रस्त्यानं मंडळी दिसायला लागली. पण चाल जरा वेगळीच. पुढं धाकटी आत्या ऊर बडवत, तिला धरून सुभेदारीणबाई आणि आणखी एक बाई. मागं सुभेदार आणि भावकी, माना खाली घालून. दोघांच्या डोक्यावर पाट्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून व्याह्यांनी पिठलं-भाकरी रांधून आणलेली.

“दादाऽऽ माजं माहेर बुडालं गंऽऽ” करत आत्या अंगणात शिरली आणि समोर दादा तांब्या घेऊन उभा. तरी तिनं घेतलेली तान पुरी केली. मधेच सोडणार कशी?

“ये गं,” आबा म्हणाले. “गाडीला गर्दी व्हती का?”

आत्या मटकन खाली बसली. “मेला न्हाईस व्हय रं?” हे ती अशा आवाजात म्हणाली, की आबांनाच क्षणभर अपराधी वाटलं.

सुभेदारांनी तोरणाकडं बघितलं, आईच्या नथीकडं बघितलं, मग आबांकडं. “पाव्हणं, आमी मयताला आलोय.”

“या, या. बसा,” आबा म्हणाले.

कुणी बसलं नाही. सुभेदारांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं आणि मयताच्या तोंडासमोर मयताची बातमी खड्या आवाजात वाचली. आबा मान हलवत ऐकत होते. “सात न्हवं,” मधेच म्हणाले, “साडेसात. गाडी गेली व्हती.” आईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

“कुनी लिवलंय ह्ये?”

मी पुढं झाले. मास्तरांचा चेहरा पडला.

“हौसा,” ते हळूच म्हणाले, “अगं, खात्री केली होतीस का?”

“हो मास्तर. आबा जिवंत आहेत याची पुरती खात्री करूनच लिहिलं.”

थोरल्या आत्यानं कावळ्याची कथा सांगितली. सुभेदारांनी ती उभ्यानंच ऐकून घेतली.

“पलटणीतल्या मानसाच्या घरी कागुद येतं,” ते म्हणाले. “त्ये बघून गावातल्या समद्या चुली इझत्यात. माजा पोरगा लग्न करून लढाईवरच जानार हाय. उद्या तिकडनं खरं कागुद आलं, तर तुमची लेक रडंल का दुसऱ्या कार्डाची वाट बघत बसंल? आमाला ह्ये घर जमनार न्हाई.”

आत दाराआड अक्कानं शिऱ्याचं ताट खाली ठेवलं, ते बाहेर ऐकू आलं. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. मेल्याचं ऐकतानासुद्धा ते एवढे पांढरे झाले नव्हते. मी मनात म्हटलं, धरणीमाते, पोटात घे, आणि हे कुणाला कळवू नकोस.

तोवर एक शब्द न बोललेल्या सुभेदारीणबाई पुढं आल्या. डोळे सुजून गुंजेसारखे लाल.

“आवं, काल सांजंपास्नं मी रडतीया,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ज्या मानसाला कवा बघितलं न्हाई, त्येच्यासाठी रडले, का तर व्याही व्हनार व्हता. तो जित्ता हुबा हाय, आन तुमी त्वांड पाडताय? मेला असता म्हंजी सोयरीक जमली असती व्हय?”

सुभेदार म्हणजे चाळीस शिपायांना कवाईत शिकवलेला माणूस, पण या प्रश्नाला हुकूम सापडेना. शेवटी ते ओट्यावर बसले. बसले म्हणजे झालं!

“एक अट हाय,” ते माझ्याकडं बोट करून म्हणाले. “लगनाची एकबी चिट्ठी ह्या पोरीनं लिवायची न्हाई.”

“अक्षर चांगलं हाय हो तिचं,” आबा म्हणाले.

“त्येच तर,” सुभेदार म्हणाले.

सुपारी फुटली. सुतकाचं पिठलं आणि सुपारीचा शिरा एकाच ताटात वाढला गेला. “लागू पडला का न्हाई तोडगा?” असं थोरली आत्या प्रत्येक पंगतीला विचारत फिरली. देसाई मास्तरांनी जेवून हात धुतले आणि मला बाजूला घेऊन वार्ताफलकाचा खडू परत मागितला. “मोठ्या वर्तमानपत्राला लागणारे सगळे गुण तुझ्यात आहेत,” ते म्हणाले, “म्हणून तर शाळेच्या फळ्यावर नको.”

मी परसात जाऊन रडत बसले. तिथं अक्का आली. मला वाटलं धपाटा घालणार. ती शेजारी बसली.

“तुज्या कार्डानं एक बरं झालं, हौशे,” ती म्हणाली. “सासू बघून झाली. नुसतं वाचून एवढी रडली ती. असल्या घरात जायला भ्या न्हाई.”

हे ऐकून माझं रडं थांबलं आणि मी चांगलीच फुगले. आपण लिहिलेलं वाचून आख्खं गाव रडलं म्हणजे आपल्या हातात काहीतरी आहे, अशी माझी पक्की समजूत झाली, आणि त्या समजुतीवरच मी आजपर्यंत लिहीत आले. पण वाचून कुणी रडलं ते तेवढंच. त्यानंतर आयुष्यात मी जे जे जीव तोडून, गंभीरपणे लिहिलं, ते वाचून लोक पोट धरून हसतात.