आकाश ठेवायचं की आवाज

आमच्या तिघांत एक नियम होता. एखादं सॉफ्टवेअर ठेवाच असा हट्ट जो धरेल, त्याने ते आठवडाभर वापरायचं आणि रविवारी येऊन खरं काय ते सांगायचं. नियम माझाच होता. नुसत्या गप्पा मारणाऱ्यांना गप्प करायला मी तो काढला आणि शेवटी तो माझ्याच गळ्यात पडला.

जुन्या, धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरांसाठी आम्ही एक मराठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, तयार करतो आणि शाळा-वाचनालयांत जाऊन ते बसवून देतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने दिवाळीत वाटून उरलेले चार जीबीचे पेनड्राइव्ह आम्हाला खोकंभर दिले होते. फुकटचं ते पौष्टिक! त्यामुळे सगळा पसारा चार जीबीत कोंबायचा, हे आपोआपच ठरलं. दर रविवारी सकाळी कोपरीला सरांच्या घरी आम्ही बसतो. सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. तिसरी कल्याणची एक मुलगी. ती नोकरी सांभाळून हे करते आणि आम्हा दोघांपेक्षा तिला जास्त कळतं.

त्या रविवारी जागा थोडी उरली होती आणि दावेदार दोन होते. एक सरांचं लाडकं आकाशदर्शन. त्यात घरबसल्या शनीची कडी दिसतात. दुसरा पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, मराठी आवाजासकट.

"काका, हे वाचणारं काढूया ना," मुलगी म्हणाली. "कोण वापरतं? आवाजाच्या फाइली बघा केवढ्या आहेत."

मी चहाचा कप खाली ठेवला. मग माझा हात वर गेला. "मी वापरतो आठवडाभर," म्हणालो.

कारण दोन महिन्यांपूर्वी ठाण्याच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. कडेची नजर बरीच गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकते का बघू, असं ते म्हणाले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला म्हणालो, डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिलेत. तिला मी का घाबरत होतो, तेही सांगतो. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. शेवटची सहा वर्षं त्यांना काही दिसत नव्हतं आणि त्यांचं सगळं तिने केलं. ताट वाढलं की ती रोज म्हणायची, "बाबा, समोर भात, उजवीकडे भाजी, डावीकडे लोणचं." ते ऐकताना मी मान खाली घालून जेवायचो. तेच वाक्य मला तिला पुन्हा म्हणायला लावायचं नव्हतं.

सोमवारी डोंबिवलीच्या घरी मी मॉनिटरवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि मशीन सुरू केलं. काही ऐकू येईना. पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, तरी शांतताच. आत गेलो की बाहेरच उभा आहे, काही कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षं मशीनं उघडून बसलो, एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"अगं, जरा बघ गं काय आलंय."

"पेपर तुम्हीच चिकटवलात आणि मलाच विचारताय?" बायको हसत आली. कोपरा उचलून तिने वाचलं. "पासवर्ड चुकला म्हणतंय. हे कसलं खूळ?"

"नियम आहे आमचा," मी म्हणालो.

गोम लक्षात आली. वाचणारा आवाज आम्ही आत ठेवला होता खरा, पण तो सुरू करायचा तर आधी आत जायचं आणि माऊसने एका चौकोनावर टिचकी मारायची. म्हणजे ज्याला दिसतं त्यालाच तो मिळणार. ही अक्कल आम्हा तिघा डोळसांची. गुरुवारपर्यंत खपून मी पहिल्याच पडद्यावर एका बटणाने आवाज सुरू होईल अशी सोय केली. तो आवाज मराठी वाचताना अडखळत होता, जोडाक्षरांना ठेचकाळत होता. तरी "पासवर्ड टाका" हे त्याने म्हटलं तेव्हा मला रडू आलं.

रविवारी मी उत्तर पाठ करून गेलो होतो. दिसत नसलेल्या विद्यार्थ्यांचा विचार करायला हवा, वगैरे वगैरे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण आजवर एकाही शाळेने हे मागितलेलं नाही. आकाश सगळे मागतात. नक्की कुणासाठी ठेवायचं ते सांगा."

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "मला काचबिंदू आहे, सर."

मुलीची बोटं कीबोर्डवर थांबली. सरांनी खिडकीतून एकदा वर आकाशाकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "आकाश काढ."

परवानगी मिळाली, पण भीती काही हलली नाही. उलट आता ती दोन माणसांना माहीत झाली होती आणि घरातल्या माणसाला नव्हती. घरी येऊन मी नवा पेनड्राइव्ह लावला आणि तो पेपर तसाच ठेवून बटण दाबलं. आवाज बोलायला लागला. शेजारी ताट ठेवल्याचं ऐकू आलं.

"समोर भात, उजवीकडे भाजी, डावीकडे लोणचं," बायको म्हणाली.

मान न वळवताच मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"बाबांना कित्येक वर्षं तेच थेंब घातले मी. ती बाटली ओळखणार नाही?" तिने हात लांब करून मॉनिटरवरचा पेपर टरकन फाडला. "आता हे बंद करा. दिसतंय तोवर बघून जेवा."