मावशीने अडवलेला गोल

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणत, डॉक्टरसुद्धा. इस्पितळाच्या फुटबॉल संघातही ती सगळ्यांत थोरली. बाकीच्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. मागे राहून गोल वाचवायचा, एवढंच तिचं काम. इतक्या वर्षांत तिने एकही गोल केला नव्हता, की तिचं नाव कधी पेपरात आलं नव्हतं. नवरा शिंपी. तो चिडवायचा, "तू खेळलीस हे मला तुझ्या फाटलेल्या चड्डीवरूनच कळतं." दिवसभर वाफेत उभं राहून तिचे पाय भरून यायचे, पण बुटांच्या नाड्या आवळल्या की मावशीला थकवा म्हणून काही आठवत नसे.

त्या वर्षी संघाने पहिल्यांदाच अंतिम सामन्यात धडक मारली. समोर पोस्टाचा संघ. त्यांच्यात टपाल वाटणारी एक पोरगी होती, पायाला भिंगरी बांधलेली. तिच्या नुसत्या नावाने भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं. मावशी सामनाभर तिच्या मागे सावलीसारखी फिरली आणि कसाबसा एका गोलच्या आघाडीचा जीव टिकून राहिला.

शेवटची काही मिनिटं उरली, तेव्हा इस्पितळाला कॉर्नर मिळाला. संघाचा प्रशिक्षक म्हणजे अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तो काठावरून ओरडला, "सगळ्या पुढे जा! अजून एक घाला, विषय संपवा!"

मावशी निघाली आणि अर्ध्या वाटेत थबकली. ती पोरगी मैदानाच्या मध्यावर निवांत केस बांधत होती. तिच्याजवळ चिटपाखरू नव्हतं. मावशी माघारी वळली.

"मावशी! कानात बोळे घातलेत का?"

"आणि त्या पोरीला कोण बघणार? तुम्ही?"

तेवढ्यात कॉर्नर मारला गेला. पोस्टाच्या गोलरक्षकाने कॉर्नरचा चेंडू झेलला आणि सरळ त्या पोरीकडे भिरकावला. पोरगी सुसाट सुटली. इस्पितळाची गोलरक्षक पुढे धावली, तर पोरीने तिला एका हुलकावणीत मागे टाकलं. आता रिकाम्या जाळ्यासमोर एकटी मावशी.

तिने झेप घेतली नाही. तोंड पोरीकडे ठेवून ती एकेक पाऊल मागे सरकत राहिली, पोरीला कडेला रेटत राहिली. नजर चेंडूवरून हलली नाही. शेवटी पोरीने सगळी ताकद लावून फटका मारला. मावशीने अंग झोकून दिलं. चेंडू थेट तिच्या नाकावर आदळला, वरच्या दांडीला लागला आणि पुन्हा गोलरेषेवरच पडला! डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, पडल्या पडल्याच, तिला काहीतरी पांढरं दिसलं. तिने पाय फिरवला. चेंडू मैदानाबाहेर गेला आणि पाठोपाठ सामना संपल्याची शिट्टी वाजली.

मुलींनी तिला उचलून घेतलं. ड्रायव्हर रडतही होता, हसतही होता. "मावशी, मला वाटलं, संपलं सगळं!"

"मलाही वाटलं. नाक तरी गेलंच."

पेपरात फोटो गोल करणारीचाच छापून आला. पण दुसऱ्या दिवशी मावशी चादरींची गाडी ढकलत वॉर्डात शिरली, तेव्हा उठून बसता येणाऱ्या प्रत्येक पेशंटने टाळ्या वाजवल्या. ज्याचा हात प्लास्टरमध्ये होता, त्याने पलंगावर थाप मारली. नवऱ्याचा घसा सामन्यात आरडून पार बसला होता. गिऱ्हाइकांशी तो खाणाखुणांनी बोलत होता, आणि प्रत्येकाला न चुकता स्वतःच्याच नाकावर बुक्की मारून तो प्रसंग दाखवत होता.

आठवडाभराने टपालाची पिशवी घेऊन ती पोरगी धुलाईखान्याच्या दारात उभी राहिली. मावशीचं वाकडं झालेलं नाक बघून ओशाळली.

"मावशी, एक विचारू? मी डावीकडेच मारणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठे? मी दुसऱ्याच बाजूला उडी मारणार होते. पाय घसरला."

मग दोघी इतक्या हसल्या, की आतून बायका इस्त्र्या सोडून धावत आल्या.