सगळा वर्ग ओरडला, "कोणाले?"

दोस्तहो, संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हा बुलढाण्याच्या शाळेत आपले इंग्रजीचे गुरुजी क्रियापद कसं शिकवायचे, आठवतं? एकानं वाक्य म्हणायचं, मग सगळ्या वर्गानं ओरडायचं, "काय? कोणाले?" उत्तर आलं तर ट्रान्झिटिव्ह, नाही आलं तर इन्ट्रान्झिटिव्ह. उंद्रीत मी पोरांची शिकवणी घेतो, तिथंही हीच रीत ठेवली आहे. पोरांना भारी मजा येते.

आज मी फळ्यावर 'लेफ्ट' लिहिलं. आजीजवळ राहणारी सातवीतली वैष्णवी उभी राहिली.

"माय मदर लेफ्ट."

मी काही बोलायच्या आत वर्ग ओरडला, "कोणाले?"

ती खाली पाहून म्हणाली, "मले."

आणि सवयीनं सगळे एका सुरात ओरडले, "ट्रान्झिटिव्ह!"

तिची आई दिवाळीनंतर घर सोडून गेली, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मलाही होतं. तरी तो शब्द मीच दिला. एवढी वर्षं शिकवून डोकं कुठं गहाण ठेवलं होतं, कोण जाणे.

मी फळा पुसला. पोरं निघाली, तशी ती दाराशी थांबली.

"सर, माह्यं वाक्य बरोबर होतं न?"

मी "हाव" म्हणालो. वर "शाब्बास"ही म्हणालो!

तुम्ही लेकी-नाती वाढवल्या आहेत. उद्या ती पुन्हा पुढच्याच रांगेत बसेल. तिच्याशी काय बोलू?