चढायची पैज

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून "बदलावा लागेल" असं सांगितलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी सबबी काढत होतो. आधी बर्फ, मग नातीची शाळा, मग बागेतले टोमॅटो. खरं कारण एवढंच की मला भूल घ्यायची भीती वाटत होती. जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासलेल्या माणसाने हे कबूल करायचं कसं?

पोर्तुगालच्या सहलीआधी बायकोशी पैज लागली. तिथे एका डोंगरावर हजारेक वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मूर लोकांनी बांधलेला किल्ला आहे. मी न थांबता वरच्या बुरुजापर्यंत चढलो तर ऑपरेशन कॅन्सल. थांबलो, तर परतल्याबरोबर अपॉइंटमेंट घ्यायची. कॉलेजात असताना मी निम्मा सह्याद्री पालथा घातला होता, त्यामुळे माझी छाती फुगलेलीच होती.

पहिल्या पन्नास पायऱ्यांत गुडघा बोंबलायला लागला. पण गडावर थांबायची एक सोय मराठी माणसाला जन्मतःच मिळालेली असते, ती म्हणजे माहिती सांगणे. मी भिंतीला टेकलो आणि बरोबर आलेल्या नातीला म्हणालो, "ही भोकं बघ. यांना जंग्या म्हणतात. यातून बाण मारायचे." पुढे पाण्याचं टाकं लागलं. तिथे आपल्या गडांवरची टाकी कशी खोदायचे हे मी इतकं सविस्तर सांगितलं, की मागे अडकलेलं एक अनोळखी कुटुंबही माना डोलवायला लागलं. एका वळणावर सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा मी शेवाळावर बोललो.

"आजोबा, यू आर जस्ट टायर्ड," नात म्हणाली.

"याला थांबणं म्हणत नाहीत. हा इतिहास आहे."

बायको गालातल्या गालात हसत पुढे निघाली. ते काही मला बरं लक्षण वाटलं नाही.

बुरुजावर पोहोचलो. "जिंकलो," मी म्हणालो. "जिंकलात," असं म्हणून तिने डब्यातल्या दशम्या काढल्या. खाऊन झाल्यावर आम्ही उतरायला निघालो.

दुखऱ्या गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना असते. चौथ्या पायरीवर पाय लटपटला आणि मी मटकन खाली बसलो. उठता येईना. वरून येणारी माणसं खोळंबली. सांगायला इतिहास पुष्कळ होता, पण मी उगाच बुटाची नाडी सोडून बांधत बसलो. फार लाज वाटली.

बायको मला ओलांडून पुढे आली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसली. "चला, असेच बसत बसत उतरू."

"तू कशाला? तुझे गुडघे ठणठणीत आहेत."

"तुम्ही एकटे असे उतरलात तर लोक बघत राहतील. दोघं उतरलो तर त्यांना वाटेल, यांच्याकडे अशीच पद्धत आहे."

हे ऐकून नातही तिच्यापुढे बसली. आम्ही तिघं एकेक पायरी घसरत निघालो. मघाचं ते कुटुंब अदबीने भिंतीला चिकटून उभं राहिलं.

टाक्यापाशी आल्यावर मी म्हणालो, "मला भुलीची भीती वाटते गं."

"माहीत आहे. दोन वर्षं झाली," ती मागे न बघता म्हणाली. "मी बाहेर बसणारच आहे ना."

खाली पोहोचल्यावर मी पँट झटकली आणि नातीला म्हणालो, "त्या डॉक्टरांचा नंबर शोध बरं."