हक्काची साखर

वडिलांच्या पायाचा अंगठा शुगरपायी नगरच्या दवाखान्यात काढला, त्याला महिना झाला होता. पट्टी बदलायचं काम माझ्याकडे. जखमेला वास यायचा, पण खरी किळस यायची ती पट्टी झाल्यावर. पाहुणे बघायला यायचे, बिस्किटांचे पुडे आणायचे आणि आत चहा टाकला जायचा, चमचा उभा राहील इतका गोड. फिका दिला तर सोयरे नावं ठेवतील म्हणे. अंगठा गेलेला माणूस बशी ओढून वर म्हणायचा, "आपल्या रक्तातच हाय ते. काय उपेग न्हाई."

घरात साखरेला तोटा नाही. वडील साखर कारखान्याचे सभासद, दिवाळीला कार्डावर सवलतीची साखर मिळते. ती उचलली नाही तर आपला हक्क जातो, अशी आमच्याकडची समजूत. मग आणलं पोतं की संपवा. आजोबा याच दुखण्यानं गेले, चुलत्यांची नजर गेली, मला चाळिशीत गोळ्या लागल्या. पण एका दिवाळीला कार्ड कोरं राहिलं नाही. थू असल्या हक्कावर!

मोठी बहीण तिसगावला दिलेली. ती वडिलांना बघायला आली, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं होतं, म्हणून तिलाही नेलं. साठीची बाई, दिवसभर रानात, खाणं भाकरी-कालवण. तिची साखर अगदी नॉर्मल. माझ्या बावीस वर्षांच्या लेकीची मात्र काठावर. डॉक्टरांनी समजावलं, कल रक्तातून येतो, बहिणीतही असेल. पण त्याला खतपाणी मिळतं ते खाण्यातून आणि बसून राहण्यातून. पोरीचं अजून मागं फिरू शकतं, सहा महिने सांभाळा.

घरी येऊन मी हे सांगितलं तर वडील हसले. व्हायचंच हाय तर पोरीला खाऊ तरी द्या, म्हणाले. आईनं लेक माहेरी आली म्हणून शिऱ्याची कढई चढवली होती. ती उचलून उकिरड्यावर फेकावी इतका संताप आला मला. म्हाताऱ्यांना नाही नाही ते बोललो. थोड्या वेळानं आईनं डोळे पुसत ताटली पुढं केली. तिचं मन कशाला मोडा, म्हणून मी खायला बसलो. वर तूपही मागून घेतलं.

माझ्या लेकीनं तिची ताटली घेतली नाही. आत्याबरोबर तिसगावला जाते म्हणाली, सहा महिने तिथंच राहीन, परीक्षेचा अभ्यास तिथूनच करीन. मी म्हणालो, अगं, इथंच सांभाळू की तुझं.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबांच्या पायाची मला घाण वाटत नाही. तुम्हाला खाताना बघितलं की वाटते."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला.